लोणारला धडकलेला खडक आला कुठून?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर पाहायला येणारे खारं पाणी बघतात, दैत्यसूदनाचं दर्शन घेतात. पण १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर पाडणारा खडक आला कुठून, हे कुतूहल त्याहून मोठं आहे.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार हा आघात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. असे खडक बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून येतात. तिथे ग्रह घडलाच नाही! गुरूच्या ओढीने खडकांच्या कक्षा विस्कटल्या. जुळून मोठं होण्याऐवजी ते एकमेकांवर आदळून फुटत राहिले.

गुरूच्या या ओढीच्या खुणा लघुग्रहांच्या कक्षांमध्ये आजही दिसतात. या पट्ट्यात काही जागा जवळजवळ रिकाम्या आहेत, हे डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये मांडलं. त्यातल्या एका ठिकाणी गुरूच्या एका फेरीत लघुग्रहाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. झोक्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का मिळावा, तसा गुरूच्या ओढीचा परिणाम साचतो. कक्षा लांबट होते आणि काही खडक पृथ्वीच्या वाटेवर येतात.

लोणारसारखी बेसॉल्ट खडकात आघाताने झालेली विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत. म्हणून लोणारला जाल तेव्हा काठावरचा एकही दगड पिशवीत घालू नका.