ढालीपासून त्रिशूळापर्यंत

बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिराच्या आसपास उज्जैनचा जुना बाजार आहे. आमचं भरतकामाचं काम तिथलंच. २००४च्या सिंहस्थ कुंभमेळ्यापर्यंत आमच्याकडे पॅच म्हणजे शाळेचा मोनोग्राम. ढालीचा आकार, वर शाळेचं नाव, खाली ब्रीदवाक्य. सिंहस्थात त्यात स्वयंसेवकांच्या गोल बिल्ल्यांची भर पडली. किनार कोणती हवी, हे कुणी विचारतच नसे, कारण ढाल आणि गोल या दोन्ही आकारांना ओव्हरलॉक किनारच शोभते.

या किनारीला जगभर मेरो म्हणतात. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १८३८ साली सुरू झालेल्या विणकामाच्या गिरणीतून ज्या कंपनीची यंत्रं आली, तिचंच हे नाव. भरलेला पॅच आधी कापून घ्यायचा आणि मग कडेवर जाड दोऱ्याची साधारण तीन मिलिमीटरची गोलसर कड चढवायची. कारागीर दाबपट्टीखाली तो तुकडा हातानेच फिरवतो. जिथून सुरुवात केली तिथे शेवटचे टाके थोडे चढवतो, उरलेली दोऱ्याची शेपटी मागे वळवून चिकटवतो. ती नीट चिकटली नाही तर पहिल्याच धुण्यात बाहेर लोंबते. आजही पॅच हातात आला की मी आधी मागची बाजू बघतो.

२०१६च्या सिंहस्थाने आकार बदलले. त्रिशूळ, डमरू, तिसरा डोळा, जटा असलं सगळं लोकांना हवं झालं. त्रिशूळाच्या दोन पात्यांमधल्या खाचेत ओव्हरलॉक वळत नाही. जबरदस्तीने वळवली तर कोपऱ्यात दोऱ्याचा गोळा होतो आणि पातं बोथट दिसतं. म्हणून नक्षीच्या कडेनेच सॅटिनचे दाट टाके घालायचे आणि त्यांच्या अगदी बाहेरून तापत्या टोकाने कापायचं, ही रीत रुळली. पॉलिएस्टर वितळून कड बंद होते, सुती कापड मात्र जळतं. त्या वर्षी सुती ट्विलवरचे, तपकिरी कडांचे कितीतरी पॅच बाजारात दिसत. महिनाभरात त्यांचे धागे सुटू लागले.

मग लेझर आलं आणि कापणी सुबक झाली. पण लेझरही टाक्याला लागलं तर खालचा बॉबिनचा दोरा तुटतो आणि सॅटिन उसवत जातं. पांढऱ्या कापडावर कडेला पिवळट झाक येते ती वेगळीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराजवळचा महाकाल लोक परिसर खुला झाल्यावर टोप्या, पिशव्या, जॅकेटांवरच्या पॅचची मागणी खूप वाढली, आणि मोबाइलवरचं चित्र दाखवून 'अस्संच कापून द्या' म्हणणारेही वाढले.

या सगळ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. किनार आधी ठरवायची, नक्षी नंतर. ओव्हरलॉक हवी असेल तर कडेपर्यंत अक्षरं नेता येत नाहीत, तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. सॅटिनची कड हवी असेल तर तिच्याखालचे आधाराचे टाके संगणकावर नक्षी उतरवतानाच घालावे लागतात. नक्षी मंजूर करून झाल्यावर 'किनार तुम्हीच बघा' म्हटलं की नुकसान गिऱ्हाइकाचंच होतं.

लेझरच्या सफाईपुढे ओव्हरलॉक जुनाट झाली, हे मला अजिबात पटत नाही. रोज साबणाने घासल्या जाणाऱ्या गणवेशाला ती जाड कडच टिकते. इस्त्रीने चिकटवलेला पॅच असला तरी कडेवरून एक शिलाई मारून घ्यावी, नुसता गोंद धुण्याला पुरत नाही.

उज्जैनच्याच भैरवगडच्या बाटिकला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून त्या कापडाचे पॅच मागणारेही येतात. मेणाच्या भेगांतून उतरलेल्या त्या बारीक रेषा भरतकामाशेजारी फार देखण्या दिसतात. पण कापड सुती, म्हणजे लेझर बाद. त्याच्या कडा आत दुमडून वरून सॅटिन चालवतो. वेळ जातो, पैसेही जास्त पडतात, तरी मला स्वतःला हेच काम सगळ्यांत आवडतं.

२०२८च्या सिंहस्थाची विचारणा सुरू झाली आहे. क्षिप्रेच्या रामघाटावर दिवसातून अनेकदा भिजणाऱ्या सदऱ्यांवर बिल्ला लावायचा असेल तर गोल आकार, पॉलिएस्टरचा दोरा आणि ओव्हरलॉक घ्या, असंच मी सांगतो. त्रिशूळ हवाच असेल तर तो गोलाच्या आत भरता येतो.