विद्याशाखा बदलावी काय?

अभियांत्रिकीचें एक वर्ष संपवून मुलगा सुटींत घरीं येतो आणि ‘मला इतिहास शिकावयाचा आहे’ असें सांगतो, तेव्हां घरांत केवढी खळबळ उडते! वडिलांस भरलेली फी आठवते, आजीस भाऊबंदांचे प्रश्न ऐकूं येऊं लागतात, आणि मुलावर चंचलपणाचा शिक्का बसतो. तो मारण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं थोडा विचार करावा.

लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजांतून गणित घेऊन बी. ए. झाले. पुढें एम्. ए. चा अभ्यास मध्येंच सोडून ते कायद्याकडे वळले व १८७९ सालीं एल्एल्. बी. झाले. वकिली मात्र न पत्करतां १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढण्याच्या कार्यांत पडले. लौकिक दृष्टीनें हे दोन मार्गबदल. पण वायां काय गेलें? १८९३ सालच्या ‘ओरायन’ ग्रंथांत वेदकालाच्या निर्णयास गणिताचा अभ्यास उपयोगी पडला, आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांनीं आपला बचाव स्वतःच केला. मनःपूर्वक केलेलें अध्ययन अन्य मार्गानें फळास येतें.

याचा अर्थ, प्रत्येक मार्गबदल स्तुत्य असा नव्हे. परीक्षेची भीति, मित्राचें अनुकरण किंवा वसतिगृहांतील एकटेपणा हीं कारणें असल्यास दुःख नव्या वर्गांतहि मुलाबरोबर जातें. म्हणून रागें न भरतां तीन प्रश्न विचारावे. नव्या विषयाचीं किती पुस्तकें त्यानें आपण होऊन वाचलीं? त्या व्यवसायांतील एखाद्या माणसाचा नित्यक्रम त्यानें जवळून पाहिला काय? त्या विषयांतील कंटाळवाणा भागहि करण्याची त्याची तयारी आहे काय? उत्तरें ठाम मिळालीं, तर त्यास स्वतःच्या प्रकृतीची ओळख पटली असें समजावें.

व्यवहारहि सोडूं नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें एका वर्षास प्रमाणपत्र, दोहोंस पदविका व तिहींस पदवी, अशी सोय सुचविली. २०२१ सालीं निघालेल्या श्रेयांक-पेढींत मिळविलेले श्रेयांक जास्तींत जास्त सात वर्षें जमा राहूं शकतात. तथापि त्यांपैकीं किती धरले जातील, हें नव्या महाविद्यालयाकडून लेखी मिळविल्याखेरीज जुन्या ठिकाणचें नांव काढूं नये.

एका वर्षाची फी कुटुंब कष्टानें कां होईना, भरून काढतें. नावडत्या कामांत गेलेलीं तीस वर्षें कोणासहि परत देतां येत नाहींत. मुलाशीं बोलण्यास बसतांना हा हिशेब घरांतील वडील मंडळींनीं विसरूं नये.