गोळी नको, म्हणून शॉक?

14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरला ‘चले जाव’च्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. गावातला हुतात्मा चौक त्यांच्या स्मरणार्थ आहे. तीन वर्षांनी, 10 ऑक्टोबर 1945 रोजी, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. स्वातंत्र्यानंतरही हे थांबले नाही. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दहा माणसे गेली, 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात तीन शेतकरी गेले. म्हणून माणसाला न मारता जागीच थोपवणारे शस्त्र आले आहे असे कोणी सांगितले, तर निदान पालघर जिल्ह्याने तरी ते नीट ऐकून घ्यायला हवे. 2021 मध्ये शेजारच्या गुजरातच्या पोलिसांनी टेझर हे विजेचा शॉक देणारे शस्त्र घेतल्याच्या बातम्या आल्या. आपल्या जिल्ह्यातल्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यापासून गुजरातची सीमा फार लांब नाही.

पाच सेकंद

टेझरची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ जॅक कव्हर यांची, 1970 च्या दशकातली. पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या या उपकरणातून तारांना जोडलेले दोन काटे सुटतात आणि कपड्यांत किंवा कातडीत रुततात. बराच काळ प्रचारात असलेल्या एक्स-26 या मॉडेलमध्ये एकदा चाप ओढला की पाच सेकंद, सेकंदाला सुमारे 19 स्पंदने शरीरातून जातात. स्नायू आखडतात आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. 50,000 व्होल्टचा आकडा ऐकून धडकी भरते, पण तो दाब हवेतले अंतर ओलांडण्यासाठी असतो. शरीरात जाणारा प्रवाह फार थोडा असतो. धोका येतो तो काटे छातीवर बसण्यातून, चाप दाबूनच धरण्यातून, पुन्हापुन्हा शॉक देण्यातून आणि कोसळताना डोके आपटण्यातून.

काटे न सोडता हे उपकरण थेट अंगाला टेकवूनही वापरता येते. तेव्हा माणूस जागीच थिजत नाही, त्याला फक्त वेदना होतात. कोठडीच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत भयंकर आहे, कारण लाठीचे वळ दिसतात तशा ठळक खुणा इथे राहत नाहीत. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने पोर्तुगालच्या संदर्भात स्पष्ट सांगितले की एक्स-26 मुळे होणाऱ्या तीव्र वेदना हा छळाचाच एक प्रकार ठरतो.

जगाचा अनुभव

बाजू मांडणाऱ्यांकडे पुरावा नाही असे नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या अभ्यासगटाने 2011 मध्ये म्हटले की निरोगी प्रौढाला या शस्त्राच्या थेट परिणामाने गंभीर इजा होण्याचा मोठा धोका असल्याचा निर्णायक वैद्यकीय पुरावा नाही. पण त्याच गटाने दीर्घ आणि वारंवार शॉकबद्दल सावधही केले. पुढच्याच वर्षी हृदयरोगतज्ज्ञ डग्लस झाइप्स यांनी छातीवरच्या शॉकनंतर हृदय बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली. 2017 मध्ये रॉयटर्सने अमेरिकेत टेझरच्या वापरानंतर झालेले हजाराहून अधिक मृत्यू नोंदवले. त्यांतला प्रत्येक मृत्यू शॉकनेच झाला असे नाही. पण दीडशेहून अधिक प्रकरणांत शवचिकित्सेने शॉकला मृत्यूचे कारण किंवा त्यातला एक घटक मानले होते.

प्रश्न फक्त विजेचा नाही, ती कोणावर आणि किती वेळ सोडली याचा आहे. इंग्लंडमध्ये 2016 साली माजी फुटबॉलपटू डेलियन ॲटकिन्सन यांना सलग 33 सेकंद शॉक दिला गेला. त्यांच्या मृत्यूबद्दल पोलीस शिपायाला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्धाश्रमात क्लेअर नोलँड या 95 वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीबाईंवर टेझर चालवले गेले. त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि त्यातच गेल्या. त्यांच्या हातात दातेरी सुरी होती, आणि त्या चालत होत्या वॉकरच्या आधाराने.

आपल्या जिल्ह्यात

आता हे शस्त्र पालघरच्या नकाशावर ठेवून पाहावे. दातिवरे हे वैतरणेच्या मुखापाशी वसलेले मच्छीमारांचे गाव. होडीत, धक्क्यावर किंवा खाडीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचे स्नायू पाच सेकंद आखडले, तर पट्टीचा पोहणाराही पाण्यात बुडू शकतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्वलनशील द्रावकांचा वापर होतो, आणि टेझरची ठिणगी पेट घेऊ शकते. इंग्लंडमधल्या प्लिमथला 2013 मध्ये अंगावर पेट्रोल ओतून घेतलेला अँड्र्यू पिमलॉट हा तरुण टेझर चालवल्यावर भाजून मेला. शिवाय हृदय बंद पडले तर मदत काही मिनिटांतच पोहोचावी लागते. आपल्याकडे गंभीर रुग्णाला मुंबईला किंवा गुजरातेत हलवावे लागते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एखाद्या शहरात ‘कमी घातक’ ठरलेले शस्त्र दातिवऱ्यालाही तसेच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्याला जमावाने पोलिसांच्या देखत दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. पोलिसांकडे टेझर असते तर ते वाचले असते का? एका उपकरणातून मोजकेच काटे सुटतात आणि ते काही मीटरच जातात. शेकडोंच्या जमावापुढे त्याचा उपयोग नाही. तिथे वेळेवर कुमक हवी होती, आणि त्याआधी कित्येक दिवस चोरट्यांच्या अफवा खोडून काढणारे कोणी हवे होते.

भरवशाचेही तसेच आहे. अमेरिकेत 2015 ते 2017 या तीन वर्षांत टेझर निकामी ठरल्यावर पोलिसांनी गोळी घालून माणूस मारल्याच्या 250 हून अधिक घटना पत्रकारांनी शोधून काढल्या. म्हणजे गोळीला पर्याय म्हणून आणलेले शस्त्र अनेकदा गोळीच्या आधीची पायरी ठरले.

आधी नियम

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 अटकेला विरोध झाल्यास आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा देते. कलम 148 जमाव पांगवण्याविषयी आहे. विजेच्या शस्त्राचा उल्लेख दोन्हींत नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देऊन स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवा असे सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी बजावले, कारण कोठडीच्या भिंतीआड काय घडते हे बाहेर कळत नव्हते. त्या भिंतीआड खुणा न ठेवणारे शस्त्र देणे मला मान्य नाही.

मध्यरात्री कोयता घेऊन अंगावर येणाऱ्याला जिवंत पकडावे लागणाऱ्या हवालदाराची अडचण खरी आहे. तिथे गोळीऐवजी टेझर वापरून एक जीव वाचत असेल तर तो वाचावा. म्हणूनच नियम आधी ठरले पाहिजेत. जिथे गोळी झाडणे कायद्याने समर्थनीय ठरले असते तिथेच त्याचा वापर व्हावा. कोठडीत, बेडी घातलेल्यावर, मोर्चावर, पाण्याजवळ किंवा ज्वलनशील पदार्थांजवळ तो कधीही होऊ नये. प्रत्येक वापराची वेळ आणि सेकंद उपकरणातच नोंदले जावेत, शॉक दिलेल्याची लगेच वैद्यकीय तपासणी व्हावी आणि वर्षाची आकडेवारी विधिमंडळापुढे यावी.

हे नियम मराठीत छापून प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात लागेपर्यंत एकही टेझर विकत घेऊ नये, अशी मागणी पालघरच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात करावी. आणि ती त्यांनी करावी म्हणून आपण, त्यांच्या मतदारांनी, त्यांच्याकडे आग्रह धरावा.