बॅकवॉशचं पाणी

प्रेशर गेजचा काटा चढला की कळतं, फिल्टरची वाळू तुंबली. पंप बंद करायचा, व्हॉल्व्हची मूठ ‘बॅकवॉश’वर फिरवायची, पंप पुन्हा चालू. पाणी वाळूतून उलटं, खालून वर धावतं. बाजूच्या काचेच्या नळीत आधी चहासारखं गढूळ दिसतं. चार-पाच मिनिटांत काच नितळते. आमच्या जलतरण तलावाचे दोन फिल्टर असे धुतले की साडेसात हजार लिटर पाणी जातं. उन्हाळी सुट्टीत पोरांची झुंबड असते, तेव्हा आठवड्यातून तीनदा धुवावे लागतात. म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर भरून वर उरेल इतकं.

कित्येक वर्षं मी हे पाणी गटारात सोडलं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्यावरून उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं होतं. त्या दिवसांत मूठ फिरवताना हात जड व्हायचा. भिंतीपलीकडं खो-खोचं मैदान, आणि पोरं धुळीनं खोकत होती.

पहिला प्रयोग माझ्या घाईनं फसला. रात्री तलावात क्लोरीनचा मोठा डोस दिला होता, आणि सकाळी बॅकवॉशचं पाणी थेट बागेत सोडलं. दोन-तीन दिवसांत मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. माळीमामा रागावले नाहीत. एक पान तोडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, बस.

आता पाणी आधी उघड्या हौदात पडतं. गाळ खाली बसतो, उन्हानं क्लोरीन निघून जातो. दोन-तीन दिवसांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीओचे थेंब टाकतो. पिवळं झालं तर अजून थांबायचं. रंग आलाच नाही, तर वरचं नितळ पाणी सोडायचं. ज्या तलावात क्लोरीन टिकावा म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात, तिथं दिवस जास्त लागतात.

क्लोरीन जातो, पण मीठ जात नाही, आणि खरी काळजी त्याचीच. आम्ही वापरतो ते सोडियम हायपोक्लोराइट; त्यातलं सोडियम पाण्यात उरतं. काळ्या मातीत ते साठत गेलं की माती आवळते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून एकाच वाफ्याला लागोपाठ हे पाणी द्यायचं नाही. मिठावर चालणाऱ्या तलावाचं पाणी तर बागेला घालूच नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय फिल्टरमध्ये अंगाचा मळ आणि जंतू अडकलेले असतात. पाणी नितळ दिसलं तरी पिण्याजोगं होत नाही. भाजीपाल्याला ते चालत नाही, आणि फवारेही नकोत. पाइपनं, रात्री मैदान रिकामं झाल्यावर मारायचं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात माती वाळते आणि संध्याकाळी खेळ सुरू होतो.

खो-खोचं मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. चौरस मीटरला दोन लिटर धरले तरी नऊशे लिटरच्या आत धूळ बसते. उरलेलं कडेच्या कडुलिंबांना आणि हिरवळीला जातं.

आमचा हौद दहा हजारांचा आहे. पहिलं पाणी निवळत असताना दुसरा बॅकवॉश त्यात मावत नाही. मोठा हौद मागितलाय. तोवर तो दुसरा बॅकवॉश गटारातच जातो, आणि त्याचा आवाज पंपघरात मला स्पष्ट ऐकू येतो.