कूस बदलण्याचं कसब

आई-वडिलांचं शेवटचं दुखणं काढलेली माणसं सिस्टरबद्दल ‘देवासारखी भेटली’ असं म्हणतात. कृतज्ञता खरीच, पण तिला देवपण दिलं की तिचं कसब झाकलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची आणि त्याच वेळी टाचा, माकडहाड लाल पडलंय का ते पाहायचं. गिळणं थांबलं की ओल्या गॉजनं ओठ-जीभ ओली ठेवायची. घशात घरघर लागली तर लगेच सक्शन न लावता आधी एका अंगावर वळवून बघायचं, आणि घाबरलेल्या लेकीला सांगायचं की आवाज वाटतो तेवढा त्रास बहुधा त्यांना होत नाही. बोलता न येणाऱ्याचं दुखणं कपाळावरच्या आठीवरून ओळखायचं. मॉर्फिन सुरू असेल तर पोट साफ होण्याचं औषध गेलं का, हे विसरायचं नाही. यातलं काहीही नुसत्या चांगल्या स्वभावातून येत नाही.

‘पगार घेते, मग आभार कसले?’ असं विचारणारे असतात. पगार हजेरीचा मिळतो. आठी दिसण्याइतकी नजर ही वेगळी कमाई आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: खाटा कमी, मग वाचणाऱ्या रुग्णाचा वेळ मरणाऱ्याला का? मुंबईत अशा शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. परभणीच्या सरकारी वॉर्डात मात्र बाळंतपण, अपघात, सर्पदंश सगळंच येऊन थडकतं. तरीही हिशेब तसा नाही. असे बरेच रुग्ण शेवटी घरीच नेले जातात. जिंतूर, पालमकडच्या खेड्यात रात्री कूस बदलायला सून किंवा मुलगाच असतो. त्यांना खाट नको असते, सुट्टी देताना सिस्टरचा अर्धा तास हवा असतो: उशी कुठं लावायची, गोळी कितीला द्यायची, जखम कशी धुवायची. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीनं मॉर्फिनचे कायदेशीर अडथळे कमी केले, पण गोळी वेळेवर पोटात जाण्यासाठी कुणीतरी ती समजावून द्यावी लागते. त्यासाठी वॉर्डात पुरेशा सिस्टर हव्यात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे इथं तिघांचाच निकष लागू व्हायला हवा. हार-नारळ घेऊन वॉर्डात येणाऱ्या नातेवाइकांनी अधिष्ठात्यांना एक अर्जही द्यावा: नाईट ड्युटीला सिस्टर किती असतात?