शिवडीची शेव्हरोले आणि कुर्ल्याची डॉज

जुन्या अमेरिकी मोटारींच्या संग्राहकांना ज्या गाड्यांचे विशेष आकर्षण वाटते, त्यांपैकी काही गाड्या मुंबईतच जोडल्या गेल्या होत्या. जनरल मोटर्सने शिवडी येथे सुटे भाग आणून गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि डिसेंबर १९२८ मध्ये तेथून शेव्हरोले नॅशनल ही पहिली गाडी बाहेर पडली; पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या गाड्या तयार केल्या.

शेव्हरोले आणि डॉज या दोन गाड्यांमधला फरक घाटात सर्वाधिक जाणवतो. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना लागणाऱ्या राजूर घाटासारख्या रस्त्यावर उतरताना शेव्हरोलेचे ब्रेक सळयांनी ओढले जात, त्यामुळे चारही चाकांवरचा ताण सारखा ठेवण्यासाठी त्यांची वारंवार जुळवणी करावी लागे. डॉजमध्ये मात्र पायाचा दाब तेलाच्या नळ्यांतून, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीने, प्रत्येक चाकाकडे सारखा पोहोचे. शेव्हरोलेचे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून दातांचा वेग जुळवावा लागे, आणि हे कसब ज्याच्या अंगवळणी पडलेले नसे त्याच्या हातात गाडी करकरे. डॉजचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्याने पुढच्या सलग बाकावर तिघे आरामात बसत.

इंजिनाच्या बाबतीत मात्र जुनी गाडीच काहीशी पुढे होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेव्हरोलेच्या चार सिलिंडरांचे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला होते, तर डॉजच्या सहा सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बाजूला बसवलेले होते. या दुसऱ्या रचनेत इंधनाचा पुरेपूर उपयोग होत नाही, परंतु इंजिनाचे डोके काढले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन डोळ्यांसमोर येतात, म्हणून साध्या गॅरेजमधल्या मेकॅनिकलाही दुरुस्ती जमते.

शेव्हरोलेच्या कायेचा सांगाडा लाकडी होता आणि त्यावर पत्रा ठोकलेला असे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, सांधे सैल होतात आणि वाळवीचेही भय असते. दरवाजा बंद करताना तो खाली झुकून अडकत असेल, तर सांगाडा खचला आहे असे समजावे. डॉजची काया पूर्ण पोलादी असल्याने तिथे गंज हाच मुख्य शत्रू ठरतो. म्हणूनच वयाचा मान शेव्हरोलेचा असला, तरी सुताराचे आणि पत्राकामाचे कसब हाताशी नसलेल्या नव्या संग्राहकाने डॉजच निवडावी.

एखाद्या वाड्यात अशी गाडी उभी असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी तिचे आर. सी. बुक आणि इंजिन क्रमांक जपून ठेवावेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात टिकलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. त्यासाठीचे नोंदणी शुल्क २०,००० रुपये असून ही नोंदणी दहा वर्षे चालते.