बीडला मनोविकारतज्ज्ञ किती हवेत? हिशेब असा मांडावा

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे मनाच्या आजारांवर औषधोपचार करणारे डॉक्टर. आपल्या जिल्ह्याला ते किती लागतील, असं विचारलं की 'लाखामागे ३' हा ठोकताळा पुढे येतो. २०११च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. म्हणजे ७७-७८ तज्ज्ञ. देशाची सरासरी लाखामागे एकाच्याही खाली आहे. एवढी तफावत पाहिली की माणूस हात टेकतो. म्हणून आपण डॉक्टरांऐवजी रुग्णांपासून मोजायला लागू.

आधी आजारी किती, ते पाहू. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर १०० प्रौढांमागे साधारण १० ते ११ जणांना कुठला ना कुठला मनोविकार आढळला. बीडमध्ये प्रौढ ढोबळमानाने १७ लाख धरले, तर हा आकडा पावणेदोन लाखांच्या वर जातो. या सगळ्यांना तज्ज्ञच लागतो असं नाही. स्किझोफ्रेनियासारखे (भास आणि संशयाचा आजार) तीव्र विकार १०० प्रौढांत एकाहूनही कमी जणांना असतात. हजारी ८ धरले, तर १३,६०० रुग्ण.

आता माणसं सोडून भेटी मोजायच्या. हिशेब हमखास चुकतो तो इथेच, कारण मनोविकाराचा रुग्ण एकदा येऊन बरा होत नाही. वर्षाला प्रत्येकी ६ भेटी धरू: ८१,६०० भेटी. एक तज्ज्ञ दिवसाला ४० रुग्ण आणि वर्षाला २५० दिवस पाहतो असं मानलं, तर १०,००० भेटी होतात. म्हणजे फक्त तीव्र रुग्णांसाठी ८ ते ९ तज्ज्ञ. आणि ४० रुग्ण म्हणजे प्रत्येकाला जेमतेम दहा मिनिटं. जगणं नकोसं झालेल्या शेतकऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायला मला ती फार अपुरी वाटतात.

पुढची पायरी कामाच्या वाटणीची. पहिलं निदान आणि औषधातला मोठा बदल तज्ज्ञाकडे ठेवायचा. आजार स्थिर असलेल्यांची फेरतपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षित डॉक्टरने करायची. १९९६पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची कल्पना हीच. सहापैकी चार भेटी अशा गावाजवळ झाल्या, तर वरच्या हिशेबात तज्ज्ञ तिघेच लागतात. अट एकच, केंद्रात गोळ्या असायला हव्यात. तज्ज्ञाने लिहिलेली गोळी केंद्रात नसली की रुग्ण रिकाम्या हाताने परततो, आणि पुन्हा येईलच असं नाही.

मग जागा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय. पण आष्टी-कड्याच्या माणसाला अंबाजोगाईपेक्षा नगर जवळ. म्हणून सरासरीवर न थांबता अकराही तालुक्यांचा वेगळा तक्ता करावा. त्यात मंजूर पद, भरलेलं पद आणि प्रत्यक्ष ओपीडीचे दिवस असे तीन रकाने हवेत. कागदावर मंजूर असलेलं पद रुग्ण तपासत नाही.

नवे डॉक्टर पटकन तयार होत नाहीत. एमबीबीएस आणि इंटर्नशिपची साडेपाच वर्षं, वर एम.डी.ची तीन. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मे २०१८मध्ये लागू झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषापर्यंत न्यायला त्याने सरकारांना दहा वर्षं दिली. ती २०२८मध्ये संपतात.

शेवटची पायरी दिनदर्शिकेची, आणि बीडसाठी तीच सगळ्यात मोलाची. दिवाळीच्या आसपास उसतोडीचे कोयते, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परततात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर. नेमक्या या मधल्या महिन्यांत गोळ्या सुटतात आणि बरा होत आलेला आजार उसाच्या फडावर उलटतो. म्हणून निघण्याआधीच्या महिन्यात तज्ज्ञांच्या ओपीडी वाढवाव्यात, शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या सोबत द्याव्यात. औषधांची नावं लिहिलेलं कार्ड द्यावं, त्यावर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक असावा. आणि कोण कुठल्या कारखान्यावर चाललंय याची नोंद आशाताईंनी घ्यावी, मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून) मागवू नये. आजाराची कुणकुण लागली तर उचल (आगाऊ रक्कम) मिळणार नाही, अशी धास्ती वाटली की रुग्ण आजार लपवतो आणि गोळ्या घरीच ठेवून निघतो.